बास ॲम्प्लिफायर आणि वॅटचा वाद : पार्श्वभूमी

1952 मध्ये आलेला ‘बासमन’ हा खास इलेक्ट्रिक बाससाठी (बास गिटारसाठी) बनवलेला ॲम्प्लिफायर छोट्या सभागृहाला पुरत असे. पुढे कार्यक्रम मोठे झाले, पण पीए यंत्रणा (श्रोत्यांसाठीची ध्वनिक्षेपण यंत्रणा) मुख्यतः गायकापुरतीच राहिली. त्यामुळे बास शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याचा भार मंचावरच्या ॲम्प्लिफायरवर पडला. 1969 चा 300 वॅटचा ‘एसव्हीटी’ आणि त्याचे दहा इंची आठ स्पीकरचे कॅबिनेट (स्पीकरची पेटी) त्याच गरजेतून आले.

क्लास डी तंत्रामुळे (ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद करून ताकद देणारी, वजनाला हलकी पद्धत) दोन-तीन किलोंच्या हेडवर (स्पीकरविना असलेल्या ॲम्प्लिफायरवर) 500 किंवा 800 वॅट असे आकडे दिसू लागले, तेव्हा जुना 300 वॅटचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांवर चालणारा) हेडच अधिक दणदणीत वाटतो, अशी वादकांची तक्रार पुढे आली. तक्रार खरी आहे. मात्र तिचा दोष सरसकट क्लास डीला देणे अन्यायाचे आहे. व्हॉल्व्ह मर्यादेपलीकडे गेला तरी आवाज हळूहळू दाबला जातो आणि ती विकृती कानाला गोड लागते, म्हणून वादक त्याला बिनधास्त ताणतो. ट्रान्झिस्टरची विकृती कर्कश असल्याने तिथे तो आधीच हात आखडता घेतो. शिवाय वॅट किती विकृतीला आणि किती वेळ मोजले, हे प्रत्येक उत्पादक आपापल्या सोयीने ठरवतो. अमेरिकेत 1974 मध्ये याबाबत नियम झाला, पण तो घरगुती ऑडिओ उपकरणांपुरता. वाद्यांचे ॲम्प्लिफायर त्यातून सुटले, आणि ही सूट वादकांना आजही महागात पडते.

या वादात कॅबिनेटकडे दुर्लक्ष झाले. वॅट दुप्पट केल्याने जेमतेम 3 डेसिबल वाढतात, तेवढाच फरक अधिक संवेदनशील स्पीकरने पडू शकतो. क्लास डी हेडवर छापलेली ताकद बहुधा 4 ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाचे एकक) कॅबिनेटसाठीची असते. 8 ओहमच्या एकाच कॅबिनेटवर ती बरीच घटते, आणि तसेच दुसरे समांतर जोडले की 4 ओहम होतात. व्हॉल्व्ह हेडला मात्र ओहमचा स्विच कॅबिनेटशी जुळवावाच लागतो आणि स्पीकर न जोडता तो चालवल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आता बास डीआयमधून (वाद्याचा सिग्नल तारेने देणाऱ्या जोडणीतून) थेट पीएला जात असल्याने मंचावरचा ॲम्प्लिफायर मुख्यतः वादकाला आणि ड्रमरला ऐकू येण्यासाठी उरला आहे. म्हणूनच डीआय ईक्यूच्या (खर्ज व तीव्र स्वर कमी-जास्त करणाऱ्या नियंत्रणाच्या) आधीचा घ्यावा, म्हणजे मंचावर घुमणारा खर्ज कमी केला तरी श्रोत्यांचा आवाज बदलत नाही.