करडा धोबी की पिवळा धोबी? पोटाकडे शेवटी बघा

हस्ताचा पाऊस ओसरत आला की महाराष्ट्रात धोबी पक्षी जिकडेतिकडे दिसायला लागतात. घाटातल्या ओढ्यात, भाताच्या खाचरांच्या बांधावर, धरणाकाठच्या गवतात, कधी गच्चीवर साचलेल्या पाण्याशीही. काळा-पांढरा कवड्या धोबी आपल्याकडे बारा महिने असतो, त्याची ओळख पटायला अडचण येत नाही. अडचण होते ती पिवळ्या पोटाच्या पाहुण्यांची. करडा धोबी आणि पिवळा धोबी हे दोघेही हिवाळ्यापुरते येतात, दोघांच्या पोटावर पिवळा रंग असतो आणि दोघांची शेपूट वरखाली हलत असते. मग घाटात काढलेल्या करड्या धोब्याच्या सुरेख फोटोखाली बिनदिक्कत ‘पिवळा धोबी’ असं लिहिलं जातं.

शरदात या दोघांना ओळखायचं तर पोटाकडे सगळ्यात शेवटी बघावं, असं माझं मत आहे. पाठ, पाय, शेपूट, जागा आणि आवाज आधी. कॅमेरा हातात असेल तर फोटोही त्याच हिशेबानं काढावा.

पोटावर विश्वास का ठेवायचा नाही? कारण हे पक्षी आपल्याकडे येतात ते विणीचा हंगाम आटोपून, पिसं बदलून. उन्हाळ्यात करड्या धोब्याच्या नराचा गळा काळाभोर असतो. तो इथे पोचेपर्यंत पांढरट झालेला असतो. छातीवरचा पिवळा रंगही फिका पडतो, पण शेपटीच्या बुडाखाली तो चांगला गडद राहतो. उलट पिवळ्या धोब्याची त्या वर्षी जन्मलेली पिल्लं ऑक्टोबरात मातकट तपकिरी दिसतात. पोटाला पिवळी झाक असली तर असते, नाहीतर नुसतं मळकट पांढरं. त्यामुळे या दिवसांत करडा धोबी हा पिवळ्या धोब्यापेक्षा जास्त पिवळा दिसण्याची शक्यता भरपूर. पक्ष्यांची नावं ठेवणाऱ्यांनी आपल्या ऑक्टोबरचा विचार केलेला नाही, एवढंच म्हणता येईल.

आता पाठ. करड्याची पाठ राखी, स्वच्छ राखी, तिच्यात हिरव्याचा अंश नसतो. पूर्ण वाढ झालेल्या पिवळ्या धोब्याची पाठ शेवाळी हिरवट असते, पिल्लांची तपकिरीकडे झुकणारी. ऐकायला हे सोपं वाटतं, पण प्रकाश त्यात गडबड करतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात राखी पाठही हिरवट-पिवळी भासते आणि झाडांच्या दाट सावलीत हिरवट पाठ करडी. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप जुळवण्याची सोय, त्यात आपली भर घालतो. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढला असेल तर घरी आल्यावर जवळच्या कातळावरून किंवा पक्ष्याच्या शेपटीच्या पांढऱ्या कडांवरून रंग ताळ्यावर आणता येतो. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये हे मर्यादेतच जमतं.

म्हणून पाठीच्या रंगापेक्षा पाठ आणि कंबर यांतला फरक बघणं जास्त भरवशाचं. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला जो भाग असतो तो करड्यामध्ये पिवळसर हिरवा असतो आणि वरची पाठ राखी. दोन रंग स्पष्ट वेगळे दिसतात, प्रकाश कसाही असला तरी. पक्षी पुढे वाकला किंवा तुमच्यापासून दूर उडाला की हा पिवळा तुकडा लख्ख चमकतो. पिवळ्या धोब्यात पाठ आणि कंबर साधारण एकाच रंगाची. उडतानाच आणखी एक खूण मिळते: करड्याच्या गडद पंखावर एक पांढरा पट्टा उमटतो. बसलेल्या पिवळ्याच्या पंखावर दोन फिकट रेघा असतात, बसलेल्या करड्याचा पंख त्या मानानं कोरा दिसतो.

पाय ही माझी सर्वांत आवडती खूण आहे, कारण तिथे वादाला फारशी जागा नाही. करड्या धोब्याचे पाय फिकट, गुलाबी-तपकिरी. पिवळ्याचे काळे. मात्र चिखलात फिरलेल्या पक्ष्याचे पाय लडबडलेले असतात, आणि गवतात उभ्या असलेल्याचे दिसतच नाहीत. पक्षी दगडावर किंवा कुंपणाच्या तारेवर चढेपर्यंत थांबलं तर पाय बघायला मिळतात.

शेपटीबद्दल पुस्तकांत ‘लांब’ एवढंच असतं. आपल्याकडे येणाऱ्या धोब्यांत करड्याची शेपूट शरीराच्या मानानं सगळ्यात लांब, आणि ती नुसती हलत नाही, तिच्याबरोबर पक्ष्याचा मागचा अख्खा भाग डोलतो. ओढ्याच्या पलीकडे, रंग कळणार नाही इतक्या अंतरावरही या डोलण्यावरून तो ओळखू येतो. पिवळा धोबी आखूड शेपटीचा, आटोपशीर बांध्याचा, आणि त्याचं शेपूट हलवणंही बेताचं. (शेपूट वरखाली न करता अंग डावी-उजवीकडे झुलवणारा धोबी कोकणात किंवा गोव्यात झाडीखाली दिसला तर तो रानधोबी. त्याची गोष्ट वेगळी.)

आता जागा. खरं तर निम्मी ओळख इथेच होते. करडा धोबी वाहत्या पाण्याचा पक्षी आहे. हिमालयातल्या आणि उत्तर आशियातल्या डोंगरी ओढ्यांवर वाढलेला हा पक्षी इथेही तसलीच जागा धरतो: ताम्हिणी, मुळशी, आंबोली, चोर्ला घाट, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले ओहोळ, कातळावरून झिरपणारं पाणी, मोरीखालचा डोह, झाडीतला ओलसर डांबरी रस्ता. ऑगस्ट संपतासंपताच तो यायला लागतो, म्हणजे सोनकी आणि तेरडा फुललेला असतानाच. बहुधा एकटा असतो, आणि ओढ्याचा ठरावीक तुकडा आपला मानून दुसऱ्या धोब्याला तिथून हाकलतो.

पिवळा धोबी सपाटीचा, उघड्यावरचा आणि घोळक्यातला. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर, उजनीचं भिगवण, पुण्याजवळचं कवडी, कुठलाही पाझर तलाव, पाणी दिलेलं शेत, चरायला सोडलेल्या म्हशी. गुरांच्या पायांमुळे गवतातले किडे उडतात आणि हे त्यांच्या खुरांपाशी पळत ते टिपतात. संध्याकाळी उसाच्या फडात किंवा पाणकणसात ते मोठ्या संख्येनं मुक्कामाला जमतात. भिगवणला ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: तेव्हा उजनी भरलेली असते, गाळाचे पट्टे उघडे पडतात ते पुढे हिवाळ्यात पाणी हटल्यावर. त्यामुळे या दिवसांत पिवळे धोबी पाण्याच्या रेषेपेक्षा काठच्या गवतात आणि शेतांत शोधावेत.

अर्थात पंख असलेल्या प्राण्याला हद्द पाळायची सक्ती नाही. स्थलांतराच्या दिवसांत करडा धोबी शहरातल्या लॉनवरही उतरतो. जागेवरून अंदाज बांधावा, पण नाव पक्क्या खुणांवरूनच द्यावं.

आवाजानं मात्र जवळजवळ शिक्कामोर्तब होतं. करडा उडताना ‘चिट्-चिट्’ असं तीक्ष्ण, धातूवर टिचकी मारावी तसं, बहुधा दोनदा म्हणतो. वाहत्या पाण्याच्या आवाजातही ते ऐकू येतं. पिवळ्याचा ‘स्वीईप’ असा एकच, ओढलेला, मऊ स्वर. दोन्ही एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवले की पुढच्या वर्षी पक्षी दिसायच्या आधीच नाव सांगता येतं. ते रेकॉर्डिंग पक्ष्याला ऐकवून त्याला जवळ बोलावणं मात्र नको. करडा स्वतःची जागा राखणारा पक्षी आहे, अशा आवाजानं त्याचा जेवणाचा वेळ फुकटच्या भांडणात जातो.

फोटोच्या बाबतीत दोघांचे स्वभाव वेगळे असल्यानं तंत्रही वेगळं लागतं. करड्याच्या मागे धावू नये. तो पुढे पुढे उडत राहतो आणि आपल्या तुकड्याची हद्द आली की वळून डोक्यावरून मागे जातो. त्यापेक्षा एखाद्या शेवाळलेल्या दगडासमोर बूड टेकून बसलं तर तोच फिरत येतो. घाटात उजेड कमी, त्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० पर्यंत न्यावा लागतो. शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली गेला की डोकं स्पष्ट आणि शेपूट पुसट, असा फोटो येतो. काहींना ते आवडतं, आणि डोलणं दाखवायचं असेल तर तो मुद्दाम काढायलाही हरकत नाही.

पिवळ्यासाठी गाडीतच बसून राहावं. माणूस उतरला की थवा उडतो, गाडीची त्यांना सवय असते. वेळ सकाळी नऊच्या आतली. ऑक्टोबरची उन्हं तापली की ओल्या जमिनीवरची हवा थरथरायला लागते आणि ४०० किंवा ६०० मिमीची लेन्सही काही करू शकत नाही. फोकस नेमका असूनही पिसं मऊ येतात. याचा दोष लेन्सला देण्यात अर्थ नाही.

राहिला तो कुठल्या बाजूनं फोटो काढायचा हा प्रश्न. समोरून, जमिनीच्या पातळीवरून, छातीवर ऊन घेतलेला पक्षी दिसायला सगळ्यात देखणा, आणि ओळखायला सगळ्यात वाईट. त्यात पोट सोडून काही दिसत नाही. तो जरूर काढा, पण त्याआधी बाजूनं एक, ज्यात पाय आणि शेपटीचं टोक कापलेलं नाही, आणि पाठमोरा एक, ज्यात कंबर दिसते. पाठमोरे फोटो आपण सवयीनं उडवून टाकतो. धोब्यांचे ठेवावेत.

या जोडीत तिसरा भिडू घुसतो तो पिवळ्या डोक्याचा धोबी. तो पिवळ्याबरोबर त्याच दलदलीत असतो, पायही काळेच, आणि पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लाचं डोकं अजिबात पिवळं नसतं. भुवईची फिकट रेघ कानामागून खाली वळून गालाला घेरत असेल, पंखावरचे दोन पांढरे पट्टे रुंद असतील, चोच पूर्ण काळी आणि शेपटीखाली पिवळ्याचा मागमूस नसेल, तर तो हा. गालाभोवतीचा तो घेर बघायला बाजूनं काढलेलाच फोटो लागतो.

पिवळ्या धोब्याच्या पोटजाती हा आणखी एक गुंता. कुणाचं डोकं काळं, कुणाचं करडं, कुणाला पांढरी भुवई. पण हे रंग नरांवर नीट चढतात ते परतीच्या आधी, मार्च-एप्रिलमध्ये. ऑक्टोबरच्या मातकट पक्ष्यावरून पोटजात ठरवायला बसलेल्यांशी मी वाद घालत नाही. माझ्या यादीत तो नुसता ‘पिवळा धोबी’ असतो, आणि पाय, कंबर दोन्ही दिसलं नसेल तर नुसता ‘धोबी’.