वर्णभेदकालीन दक्षिण आफ्रिकेतील राजकीय हिंसेचे कथासाहित्य

दक्षिण आफ्रिकेत १९४८ साली नॅशनल पक्ष सत्तेवर आला. तेव्हापासून १९९४ च्या सर्ववर्णीय निवडणुकीपर्यंतच्या वर्णभेदी राजवटीतील पोलिसी अत्याचार, कोठडीतील मृत्यू, घातपात व सशस्त्र लढा हे विषय हाताळणारे इंग्रजी आणि आफ्रिकान्स (राज्यकर्त्या गोऱ्या समाजाची डच भाषेतून उपजलेली भाषा) या भाषांतील कथा-कादंबरीलेखन या नोंदीत विचारात घेतले आहे. लेखकाने कोणाची बाजू घेतली, याच अंगाने या लेखनाची चर्चा बहुधा होते. लेखकांना स्वतःला मात्र दुसराच प्रश्न अधिक छळत होता : ही हिंसा पानावर आणायची कशी?

हा प्रश्न कायद्यानेच बिकट केला होता. १९५९ च्या तुरुंग कायद्यानुसार तुरुंगाविषयी खोटा मजकूर छापणे गुन्हा ठरले आणि मजकुराची पुरेशी शहानिशा केल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी छापणाऱ्यावर आली. तुरुंगाची वा कैद्यांची छायाचित्रे आणि रेखाटने यांनाही मनाई होती. ‘रँड डेली मेल’ या दैनिकाने १९६५ साली तुरुंगांतील हालांवर लेख छापले, तेव्हा संपादक आणि वार्ताहर यांच्यावर खटला भरला गेला. दरम्यान, २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मारली गेली होती, वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या संघटनेवर बंदी आली होती आणि १९६१ च्या अखेरीस तिच्याशी संलग्न सशस्त्र संघटनेने घातपाती कारवाया सुरू केल्या होत्या. १९६३ पासून पोलीस कोणालाही आरोपाविना ९० दिवस डांबू शकत होते. १९६७ च्या कायद्याने ही मुदतही उरली नाही. बंद दाराआड काय चालते हे वृत्तपत्राला सांगणे जवळजवळ अशक्य झाले आणि ते काम कादंबरीकडे आले.

ॲलेक्स ला गुमा (१९२५–८५) यांना हे जग आतून माहीत होते. १९५६ च्या राजद्रोह खटल्यात ते आरोपी होते. पुढे त्यांना घरातच स्थानबद्ध केले गेले आणि त्यांचे शब्द देशात उद्धृत करण्यासही बंदी आली. ‘अ वॉक इन द नाइट’ हे त्यांचे पुस्तक १९६२ साली नायजेरियातील इबादान येथून निघाले. केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीत त्यातील दीर्घकथा घडते. तिच्यात एक गोरा शिपाई विलीबॉय नावाच्या तरुणाला गोळी घालतो, त्याला व्हॅनमध्ये टाकतो आणि वाटेत सिगारेट घ्यायला थांबतो. मागे तो तरुण मरत असतो. ला गुमा इथे आवाज चढवत नाहीत, आणि प्रसंगाची धार त्यामुळेच वाढते. ‘इन द फॉग ऑफ द सीझन्स एंड’ (१९७२) या कादंबरीत ते थेट चौकशीच्या खोलीत शिरतात. भूमिगत कार्यकर्ता एलायस छळाखाली मरतो, पण सोबत्यांची नावे सांगत नाही.

गोऱ्या लेखकांपुढचा पेच निराळा होता. नादिन गॉर्डिमर यांच्या ‘द लेट बूर्झ्वा वर्ल्ड’मध्ये (१९६६) बाँब ठेवणारा गोरा तरुण पकडला गेल्यावर साथीदारांविरुद्ध साक्ष देतो आणि पुढे गाडीसकट समुद्रात जाऊन जीव देतो. हौतात्म्याच्या गोष्टी सांगणाऱ्या चळवळीला असा माणूस गैरसोयीचा, म्हणूनच तो कादंबरीला हवा होता. या पुस्तकावर देशात बंदी आली. ‘बर्गर्स डॉटर’वरही १९७९ मध्ये बंदी आली, पण ती त्याच वर्षी उठली. या कादंबरीत गॉर्डिमर यांनी सोवेटो या जोहान्सबर्गलगतच्या कृष्णवर्णीय वस्तीतील विद्यार्थ्यांचे एक खरे पत्रक जसेच्या तसे घातले आहे.

आंद्रे ब्रिंक यांची १९७३ ची एक कादंबरी सरकारी बंदी आलेले पहिले आफ्रिकान्स पुस्तक ठरली. राज्यकर्त्यांच्या भाषेतला, त्यांच्याच समाजातला लेखक उलटला, हे सरकारला अधिक झोंबले असावे. त्यांच्या ‘अ ड्राय व्हाइट सीझन’मध्ये (१९७९) एक पापभीरू गोरा शिक्षक शाळेतील कृष्णवर्णीय सफाई कामगाराच्या कोठडीतील ‘आत्महत्ये’चा छडा लावू पाहतो आणि स्वतःच सापळ्यात सापडतो. कथानक रहस्यकथेच्या वळणाचे असल्याने ते खूप वाचले गेले. मात्र त्यात केंद्र गोऱ्या माणसाच्या जागृतीकडे सरकते, हा आक्षेप रास्त आहे.

जे. एम. कोएत्झी यांनी ‘वेटिंग फॉर द बार्बेरियन्स’ (१९८०) या कादंबरीत देश आणि काळ दोन्ही पुसून टाकले. कुठल्याशा साम्राज्याच्या सीमेवरचा एक वृद्ध दंडाधिकारी, छळाने जायबंदी झालेली एक मुलगी, आणि तिच्या जखमांचा अर्थ लावण्याची त्याची संशयास्पद धडपड. छळाची खोली रंगवणारा कादंबरीकार नकळत तिच्या गूढतेला बळी पडतो, असा इशारा त्यांनी पुढे १९८६ मधील एका निबंधात दिला. सेन्सॉरने ही कादंबरी सोडून दिली. तिचा वाचक मूठभर बुद्धिजीवी, तेव्हा धोका नाही, असा परीक्षकांचा हिशेब होता.

१६ जून १९७६ च्या सोवेटोतील विद्यार्थ्यांच्या उठावानंतर कृष्णवर्णीय लेखकांच्या चार कादंबऱ्या लागोपाठ आल्या : मिरियम त्लाली (१९८०), सिफो सेपाम्ला व मोंगाने सेरोटे (१९८१) आणि म्बुलेलो म्झामाने (१९८२) यांच्या. सेरोटे यांच्या कादंबरीचा पूर्वार्ध मुख्यतः एका निराश पत्रकाराच्या तोंडून येतो. उत्तरार्धात ‘मूव्हमेंट’ या भूमिगत चळवळीच्या अनेक माणसांकडे सूत्रे जातात. रचनेतली ही भेग काहींना दोष वाटली. एकट्याची गोष्ट पुरेनाशी झाल्याची ती खूण आहे, असेही म्हणता येते.

न्जाबुलो न्डेबेले यांनी १९८४ मध्ये कृष्णवर्णीय लेखकांच्या गोटातूनच या लेखनावर टीका केली. दडपशाहीचा भव्य देखावा पुनःपुन्हा मांडून लेखन वाचकाला आधीच ठाऊक असलेलेच सांगते. सामान्य माणसाचे रोजचे जगणे, त्याचे मन त्यातून निसटते, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या ‘फूल्स’ (१९८३) या दीर्घकथेचा नायक वस्तीतला शिक्षक आहे, आणि त्याने आपल्याच विद्यार्थिनीवर बलात्कार केलेला आहे. सरकारकडे बोट दाखवून सुटावे, अशी सोय तिथे नाही.

१९९६ पासून वर्णभेदकाळातील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य व समेट आयोगापुढे जाहीर साक्षी सुरू झाल्या आणि अत्याचारांचे तपशील रेडिओ-टीव्हीवरून घरोघर पोहोचले. त्यानंतरच्या कादंबऱ्या आयोगात न मावलेल्या गोष्टींकडे वळल्या. झोई विकम यांच्या ‘डेव्हिड्स स्टोरी’त (२०००) मुक्तिलढ्याच्या स्वतःच्या छावण्यांमधील छळाचे सावट आहे, आणि ज्या स्त्री-सैनिकाने तो सोसला तिची कहाणी शेवटपर्यंत अपुरीच राहते. अख्मत डांगोर यांच्या ‘बिटर फ्रूट’मधील (२००१) लिडियावर पोलिसाने बलात्कार केला आहे. तिचा नवरा आयोगाशी संबंधित काम करतो. ती मात्र आयोगापुढे बोलायला तयार नाही.