कळतं पण वळत नाही

गेल्या पावसाळ्यात एक आई शाळेच्या ऑफिसात आली. मुलाचा प्रवेश निर्गम उतारा हवा होता. क्लार्कनं कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि बोट फिरवत त्या ओळीवर आला. जन्मतारीख आकड्यांत, तिच्याखाली अक्षरी, निळ्या शाईत. मुलगा माझ्याच हाताखालून दहावी होऊन गेलेला, पुढं कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका गॅरेजला लागलेला. आई म्हणाली, "सर, तारीख नीट लिवा. वकील म्हणालेत, समदं त्या तारखेवरच हाय."

भांडणात एक माणूस जिवानिशी गेला होता आणि आरोप या मुलावर होता. त्या दिवशी हे पोरगं 17 वर्षं 4 महिन्यांचं होतं. यापुढचे तपशील सांगत नाही. अशा मुलाची ओळख उघड करायला कायद्यानं मनाई आहे आणि ती रास्तच आहे. जो गेला त्याचंही घर याच शहरात आहे. त्या घराचा विचार मनात ठेवूनच मी हे लिहितो आहे.

तारखेचं एवढं महत्त्व का? पुण्यातल्या 1994 सालच्या एका खून खटल्यात फाशी सुनावलेला कैदी 28 वर्षं तुरुंगात होता. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा शाळेचा दाखला ग्राह्य धरला. गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता, असं ठरलं आणि त्याची सुटका झाली. अख्खं तारुण्य गेलं, ते रजिस्टरातली एक ओळ वेळेवर पुढं आली नाही म्हणून.

पण आमच्या मुलाच्या बाबतीत नुसती तारीख पुरणार नव्हती. 15 जानेवारी 2016 पासून नवा बाल न्याय कायदा लागू आहे. त्याआधी 18 च्या आतल्या प्रत्येकाचा खटला बाल न्याय मंडळापुढंच चालायचा आणि जास्तीत जास्त 3 वर्षं सुधारगृहात काढावी लागत. आता 16 ते 18 वयाच्या मुलावर किमान 7 वर्षं शिक्षेचा गुन्हा दाखल झाला, तर मंडळ त्याचं प्राथमिक मूल्यांकन करतं. गुन्हा करण्याची शारीरिक, मानसिक क्षमता त्याच्यात होती का, परिणाम समजण्याइतकी अक्कल होती का, कोणत्या परिस्थितीत हे घडलं, ते पाहायचं आणि त्यावरून खटला मोठ्या माणसासारखा चालवायचा की नाही, हे ठरवायचं. तो तसा चालून खून सिद्ध झाला, तर जन्मठेप होऊ शकते. 21 व्या वर्षापर्यंत वेगळ्या सुरक्षित ठिकाणी ठेवतात, मग मोठ्यांच्या तुरुंगाचा रस्ता. कोल्हापूरकराला 'कळंब्याला गेला' एवढं म्हटलं की पुरतं.

यातला 'परिणाम समजत होते का' हा प्रश्न मला विज्ञानाचा शिक्षक म्हणून छळतो. कारण त्याचं उत्तर जवळजवळ नेहमी 'हो' असंच येणार.

कोणत्याही तालमीत पहाटे जा. तांबड्या मातीत लोळून उठलेल्या 16 वर्षांच्या पोराला विचारा, समोरच्यानं ढाक लावली तर काय करशील? तो तोड सांगेल, वर दुसरी तोडही सांगेल. तेच पोरगं जत्रेच्या मैदानात उतरवा. हलगी कडाडते आहे, कडेला दोस्त बोंबलताहेत, समोरच्यानं मांडीवर थाप मारून डिवचलंय. आता ते पाठ केलेलं सगळं विसरून अंगावर धावतं आणि चितपट होतं. वस्ताद म्हणतात, "रग हाय, दम न्हाई." म्हणून तर वस्ताद जोड ठरवताना नुसतं वजन बघत नाहीत.

मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच फरक मोजला आहे. शांतपणे, वेळ घेऊन विचार करण्याची ताकद वेगळी आणि भावना पेटलेल्या असताना स्वतःला आवरण्याची ताकद वेगळी. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 11 देशांतले 10 ते 30 वयाचे 5 हजारांहून अधिक लोक होते. भारतही त्यात होता. पहिली ताकद साधारण 16 व्या वर्षी मोठ्यांच्या बरोबरीला येते, असं दिसलं. दुसरी 18 ओलांडल्यावरही वाढतच राहते. आपली म्हण हेच सांगते, कळतं पण वळत नाही.

असं का होतं, त्याचं एक कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे. लहानपणी मेंदूच्या पेशींमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या तयार झालेल्या असतात. वयात येताना त्यांची छाटणी सुरू होते. ज्या वापरात नाहीत त्या गळतात. ज्या वापरात आहेत, त्यांच्या तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचं वेष्टण चढतं आणि निरोप झपाट्यानं पोचायला लागतो. हे काम मोटामोटी मागून पुढं सरकतं. दृष्टीचे, हालचालीचे भाग आधी पुरे होतात. कपाळामागचा भाग, जो थांबवतो, तोलतो, पुढचं बघतो, तो सगळ्यात शेवटी, विशीच्या मध्यापर्यंत. एकाच मुलाचे काही वर्षांच्या अंतरानं एमआरआय काढून हे पाहण्याचं काम अमेरिकेत जे गीड यांच्या गटानं 1990 च्या दशकात केलं. दुसरीकडं, बक्षिसाच्या, थराराच्या ओढीचं केंद्र वयात येतानाच जोरात जागं झालेलं असतं. आपल्या पूर्वजांनी एमआरआय न काढताच 'गद्धेपंचविशी' हा शब्द केला, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आणि दोस्त. 2005 सालचा एक प्रयोग मी वर्गात नेहमी सांगतो. 306 जणांना संगणकावर गाडीचा खेळ दिला. पिवळा दिवा लागला की थांबायचं की दामटायची, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. प्रत्येक वयोगटातले काही जण एकटे खेळले, काहींच्या बाजूला दोस्त उभे केले. दोस्त असताना 13 ते 16 वयाच्या मुलांनी घेतलेला धोका जवळपास दुप्पट झाला. 18 ते 22 च्या गटात तो निम्म्यानं वाढला. 24 च्या पुढच्यांना दोस्त असल्या-नसल्यानं काहीच फरक पडला नाही. रंकाळ्यावर रात्री एका गाडीवर तिघं बसून चाललेले बघितले की मला हा प्रयोग आठवतो.

आता विचार करा. मूल्यांकन होतं बंद खोलीत, खुर्चीवर, समोर प्रेमानं विचारणारं माणूस. "चाकू मारला तर माणूस मरतो, हे तुला माहीत होतं का?" माहीत होतंच की. पण त्या खोलीत हलगी वाजत नसते. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे मूल्यांकन नाजूक आहे, त्यासाठी मानसशास्त्राच्या जाणकारांची मदत हवी, असं बजावलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे सगळे निष्कर्ष सरासरीचे आहेत. एखाद्या पोराचा एमआरआय काढून 'हा सुधारेल, हा नाही' असं कुणी सांगू शकत नाही. मला तर हाच सगळ्यात मोठा मुद्दा वाटतो. 17 व्या वर्षी जे कुणालाच ओळखता येत नाही, त्यावर त्या वयात कायमचा शिक्का मारायचा कशाच्या जोरावर? अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया आणि फिनिक्स या शहरांत 14 ते 17 वयात गंभीर गुन्हे केलेल्या 1354 मुलांचा 7 वर्षं पाठपुरावा झाला. बहुतेकांचे गुन्हे वयाबरोबर कमी होत गेले. सतत गुन्हे करत राहिलेले दहातला एकही भरले नाहीत. आणि जास्त काळ डांबून ठेवल्यानं पुन्हा पकडलं जाण्याचं प्रमाण घटलं, असंही आढळलं नाही.

अमेरिकेत अशा मुलांना मरेपर्यंत तुरुंगात ठेवण्याची शिक्षा सर्रास होती. 2012 मध्ये ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलानं मेंदूविज्ञान घेऊन तिथल्या सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली आणि ही शिक्षा सक्तीनं देणं बंद झालं. 2016 मध्ये तो निकाल जुन्या कैद्यांनाही लागू झाला. फिलाडेल्फियातून सुटलेल्या 174 जणांचा अभ्यास 2020 मध्ये आला. मुलगे म्हणून आत गेलेली ही माणसं पिकल्या केसांनी बाहेर आली होती. त्यांतल्या फक्त दोघांना पुन्हा शिक्षा झाली.

आपल्या कायद्यात 18 खालच्या मुलाला फाशी नाही आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. शिवाय 21 व्या वर्षी, मोठ्यासारखा खटला जिथं चालतो त्या बाल न्यायालयानं त्याच्याकडं पुन्हा बघायचं, बदल झाला असेल तर सोडताही येतं. ही तरतूद मोलाची आहे. पण त्या दिवशी बोलायला कुणीतरी लागतं. तोवर त्याच्याशी नातं ठेवणारा परिविक्षा अधिकारी म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, वकील, शिक्षक, गॅरेजचा मालक, कुणीतरी.

उतारा घेऊन ती माउली निघाली, तेव्हा मी विचारलं, "त्या वेळी सोबत कितीजण होते?" ती थबकली. हे तिला कुणी विचारलं नव्हतं. "पाचजण हुते सर. एकटं कदी कुणाच्या अंगावर गेलं न्हाई ते."

परिविक्षा अधिकारी बाई पुढच्या आठवड्यात शाळेत आल्या. सामाजिक तपासणीचा अहवाल करायचा होता. मुलाच्या स्वभावाबद्दल विचारलं, तेव्हा मी आधी त्याला झालेल्या शिक्षेचं सांगितलं. आठवीत वर्ग ओरडत असताना यानं बेंचवरून उडी मारून खिडकीची काच फोडली होती. मग दुसऱ्या दिवशीचं सांगितलं. शाळा भरायच्या आधी एकटाच येऊन तो काचेचे तुकडे वेचून कागदात गुंडाळत होता. बाईंनी दोन्ही लिहून घेतलं. त्यानंतर मी आईचं ते वाक्य सांगितलं आणि म्हणालो, हे तिच्याच शब्दांत लिहा.