लेयर उघडायला वेळ लागतोय? रॅमच्या आधी व्ह्यू तपासा
(आमच्या सर्व्हरवर गटनकाशे ठेवणाऱ्या ग्राहकांसाठी)

क्यूजीआयएसमध्ये (नकाशे बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये) लेयर घेतला की चक्र फिरत बसतं आणि आम्हाला फोन येतो, “सर्व्हर स्लो झालाय, रॅम वाढवा.” रॅम विकण्यात आमचा फायदाच आहे, तरी आधी हे वाचा. बहुतेक वेळा घोळ तुम्ही टेबलावर बनवलेल्या व्ह्यूत, म्हणजे साठवून ठेवलेल्या क्वेरीत असतो.

गट आम्ही यूटीएममध्ये ठेवतो, म्हणजे झोन पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक पद्धतीत. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला ईपीएसजी (निर्देशांक पद्धतीचा क्रमांक) ३२६४३. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे ३२६४४. दोन्हीकडचं काम असलेले ग्राहक एकच लेयर हवा म्हणून व्ह्यूत एसटी_ट्रान्सफॉर्म (निर्देशांक बदलणारं फंक्शन) लावून सगळं ४३२६ मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशांत आणतात. नकाशा बरोबर दिसतो. पण जिस्ट इंडेक्स (जागेवरून आकृती पटकन शोधायची सूची) मूळ आकृत्यांच्या जिऑम कॉलमवर आहे, बदललेल्या आकृत्यांवर नाही. त्यामुळे स्क्रीनच्या चौकटीत कोणते गट येतात हे ठरवायला पोस्टग्रेस (आमचा डेटाबेस) प्रत्येक गट उचलतं, त्याचा एकेक व्हर्टेक्स (कोपऱ्याचा बिंदू) बदलतं, मग चौकटीशी ताडून बघतं. स्क्रीनवर ४० गट दिसणार असोत, टेबलात ५ लाख असतील तर ५ लाख बदलले जातात. नकाशा जरा सरकवला की पुन्हा पहिल्यापासून. यात रॅमचा फारसा संबंध नाही.

खात्री करायची तर चौकटीची अट घातलेल्या क्वेरीपुढे एक्सप्लेन लिहून चालवा, म्हणजे ती कशी चालणार ते दिसेल. छोट्या चौकटीलाही ‘सीक्वेन्शियल स्कॅन’ (पूर्ण टेबल ओळीने वाचणं) दिसला तर दुखणं हेच.

काम फक्त क्यूजीआयएसमध्ये असेल तर व्ह्यू काढून टाका आणि दोन्ही झोनचे लेयर वेगवेगळे घ्या. प्रोजेक्ट ४३२६ मध्ये असला तरी क्यूजीआयएस आपली चौकट लेयरच्या ईपीएसजीत बदलून विचारतं, म्हणजे इंडेक्स वापरला जातो. वेब नकाशासाठी ४३२६ हवंच असेल तर आम्हाला कळवा. पोस्टग्रेस १२ पासून जनरेटेड कॉलम मिळतो, तो डेटाबेस स्वतःच भरतो. त्यात बदललेली आकृती साठवतो, त्यावर जिस्ट इंडेक्स बांधतो, शेवटी टेबलाची आकडेवारी ताजी करायला अ‍ॅनलाइझ चालवतो. तुमच्या व्ह्यूत मग एसटी_ट्रान्सफॉर्मऐवजी या कॉलमचं नाव घाला. डिस्कवर जागा जास्त लागते, तेवढं गृहीत धरा.

हा कॉलम जोडायची परवानगी तुमच्या लॉगिनला का नाही? असा कॉलम जोडताना अख्खं टेबल नव्याने लिहिलं जातं आणि तोवर ते कुणालाच वाचता येत नाही. म्हणून आम्ही रात्री करतो.

मुळातच ४३२६ मध्ये का ठेवत नाही, हेही हमखास विचारलं जातं. तिथे एसटी_एरिया (क्षेत्रफळ काढणारं फंक्शन) चौरस अंशांत उत्तर देतं. ते सातबाऱ्यावरच्या हेक्टर-आरशी कसं जुळवणार? यूटीएममध्ये चौरस मीटर मिळतात, १०० ने भागलं की आर.

बाकी किरकोळ: कनेक्शनमध्ये ‘यूज एस्टिमेटेड टेबल मेटाडेटा’वर टिक करा, नाहीतर लेयरची हद्द काढायलाच पूर्ण टेबल वाचलं जातं. ‘शो फीचर काउंट’ बंद ठेवा. आणि गटांचा लेयर १:२५,००० च्या आतच दिसेल असं रेंडरिंगमध्ये लावा. अख्खा जिल्हा स्क्रीनवर असताना गटांच्या रेघांचा नुसता काळा डाग दिसतो.

व्ह्यूची एसक्यूएल पाठवलीत तर पाहून सांगतो, त्याचे पैसे नाहीत. जनरेटेड कॉलमचं काम वार्षिक करारात धरलेलं आहे. व्हेक्टर टाइल (वेब नकाशासाठी आधीच कापून ठेवलेले नकाशाचे तुकडे) करून हव्या असतील तर त्याचं दरपत्रक वेगळं.