पगडीखालचं डोकं: मराठेशाहीतली हजामत उभी करताना

शिवजयंतीचा देखावा असो की पेशवाईवरची मालिका, सगळ्यांचा जीव अंगरख्यात, ढाल-तलवारीत आणि पगडीच्या पिळात अडकलेला असतो. पगडी उतरली की खाली आजचा फेड कट, आणि सगळ्या मेहनतीवर पाणी. पेशवाईतल्या कारकुनाचं डोकं चहूबाजूंनी भादरलेलं, मध्ये घेरा आणि त्याची शेंडी असं हवं.

हजामतीचा प्रसंगच दाखवायचा असेल तर सगळ्यात भरवशाचा आधार म्हणजे संत सेना महाराजांचा ‘आम्ही वारीक’ (वारीक म्हणजे न्हावी) हा अभंग. रूपक अध्यात्माचं, पण तपशील धंद्यातल्या माणसाचा. आरसा दाखवायचा, चिमटा हलवायचा, पाण्याने डोई घोळायची, शेंडी पिळायची, बगला झाडायच्या, नखं काढायची. म्हणजे हजामत नुसत्या दाढीवर संपत नव्हती. त्यात साबण कुठेच नाही. ओल्या बोटांनी केस चोळचोळून मऊ करायचे आणि मग वस्तरा. फेसाने माखलेला सरदार दिसला की समजावं, दिग्दर्शकाने सलून पाहिलंय, धोकटी नाही.

धोकटी म्हणजे न्हाव्याची चामड्याची पिशवी. तिच्यात वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, फणी, वाटी, धार लावायचा दगड. वस्तरा गावठी घडणीचा, जाड पात्याचा. बाजारात सहज मिळणारा पातळ, पोकळ घासलेला विलायती वस्तरा एकोणिसाव्या शतकातला, शिवकाळात तो शोभत नाही. अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. खुर्चीही नको. दोघं जमिनीवर समोरासमोर, आरसा गिऱ्हाइकाच्या हातात. खेड्यात न्हावी बलुतेदार, त्याचं बलुतं सुगीला धान्यात मिळे. दाढी झाल्यावर पाटील हातावर मोहर ठेवतो, ते निव्वळ नाटकी.

रोज दाढी करायची चाल नव्हती, वार आणि तिथी पाहून न्हावी बोलवत. म्हणून चार दिवसांचे खुंट दिसले तरी बिघडत नाही, उलट गुळगुळीत गालच संशयास्पद. बाप वारल्यावर मिशीही उतरवत, त्यामुळे सुतकातल्या माणसाला झुबकेदार मिशी लावू नये.

शिवाजी महाराजांची दाढी मात्र अंदाजाने रंगवायची गरज नाही. ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये सतराव्या शतकातलं गोवळकोंडा शैलीचं त्यांचं चित्र आहे, त्यावरून आकार घ्यावा. 1660 साली पन्हाळ्याच्या वेढ्यात महाराजांचं सोंग घेतलेले शिवा काशीद परंपरेने नाभिक मानले जातात. त्या प्रसंगात दोघांच्या दाढीची ठेवण जुळली नाही तर प्रेक्षक सिद्दी जौहरच्या आधी सोंग ओळखतो.

केशवपनाच्या दृश्यात न्हावी बहुधा पाठमोरा, बिनचेहऱ्याचा असतो. प्रसंग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा, मुंबईचा असेल, तर त्याला चेहरा द्यायलाच हवा. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं.