गाडी पेट्रोल पितेय, की ब्रेक धरून चाललीय?

ॲव्हरेज पडलं की ठरलेला क्रम सुरू होतो. एअर फिल्टर बदला, प्लग बदला, इंजेक्टर साफ करा. बिल होतं, पेट्रोल तेवढंच जातं आणि मालक शेवटी "गाडीच तसली" म्हणून सोडून देतो. दोन अगदी वेगळ्या आजारांना आपण एकच नाव देतो, म्हणून हे होतं.

एका आजारात इंजिन कामापेक्षा जास्त पेट्रोल जाळतं. दुसऱ्यात इंजिन धडधाकट असतं, पण गाडीच जड झालेली असते, म्हणून त्याला जास्त ओढावं लागतं. उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरने डिझेल जास्त खाल्लं तर कुणी त्याचा पंप उघडत नाही. कारच्या बाबतीत मात्र सगळे आधी बॉनेटच उघडतात.

त्याआधी पडलं ते खरंच पडलं का, ते बघा. पाचशेचं पेट्रोल टाकून काट्याकडे बघणं म्हणजे मोजणं नव्हे. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी तसंच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. असं निदान दोन-तीनदा करा. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे पाच-सहा टक्क्यांची घट त्यातच जाते. १८ चे १७ झाले तर गाडीला हात लावू नका. १८ चे १४ झाले तर पुढे वाचा.

इंजिनकडची कारणं बहुतेकांना पाठ असतात. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे इंजेक्शन येण्याआधीच्या काळात फिल्टर चोंदला की पेट्रोल जास्त जायचं. आताच्या गाडीत आत येणारी हवा मोजून त्या हिशेबाने पेट्रोल सोडलं जातं. फिल्टर चोंदला तर पिकअप मरतो, ॲव्हरेजला फारसा धक्का लागत नाही. धुराचं म्हणाल तर काळा पेट्रोलचा, निळा ऑइलचा.

माझा खरा राग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा वॉल्व्ह, काढून टाकणाऱ्यांवर आहे. "आपल्याकडं ऊन लई, वॉल काढून टाका, गाडी गरम होणार नाही," असं सर्रास सांगितलं जातं. तो वॉल्व्ह नसला किंवा उघडा अडकला की इंजिन तापायला हवं तेवढं तापत नाही. मग गाडी नुकतीच सुरू झालीय असं समजून गाडीतला कॉम्प्युटर जादा पेट्रोल देत राहतो. सकाळी कोल्हापुरातून निघून वीसेक किलोमीटरवरचं कागल आलं तरी टेम्परेचरचा काटा मधोमध येत नसेल, तर आधी तिथे बघा.

आता खरी मेख. गाडी जड ओढत असली की इंजिनमध्ये काहीच सापडत नाही. प्लग काढा, फिका तपकिरी निघतो. धूर नाही, चेक इंजिनचा दिवा नाही. स्कॅनर लावला तर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर नेहमीच्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) शून्याच्या आसपास, कारण इंजिन जेवढं काम तेवढंच पेट्रोल घेतंय. इंजिनच जास्त जाळत असेल तर प्लगवर काजळी दिसते आणि बऱ्याचदा ट्रिम उणे १० च्याही खाली जातो. म्हणजे प्लग स्वच्छ असेल तर बॉनेट बंद करा आणि चाकांकडे या.

माझ्या मेहुण्याच्या गाडीवर तीन महिने इंजिनचीच कामं झाली. एका रविवारी आम्ही हायवेने फिरून आलो, शेवटचे दोन किलोमीटर ब्रेक जवळजवळ लावलाच नाही. थांबल्यावर मी प्रत्येक रिमजवळ हाताची मागची बाजू नेली. (डिस्कला हात लावू नका, कातडं सोलून निघेल.) तीन चाकं कोमट, पुढचं डावं धगधगीत. जॅकवर उचलून फिरवलं तर अर्ध्या फेऱ्यात थांबत होतं. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) खोलला तेव्हा तो ज्यांवर सरकतो त्यातली एक पिन गंजून घट्ट बसलेली, आतलं पॅड पत्र्यापर्यंत घासलेलं आणि बाहेरचं निम्मं शिल्लक. दोन पॅडमध्ये एवढा फरक दिसला की पिन अडकल्याची शंका घ्या. पिना पॉलिश पेपरने साफ केल्या, ब्रेकचं खास ग्रीस लावलं, दोन्ही बाजूंचे पॅड बदलले. साधं ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. १३ वर आलेली गाडी पुढच्या दोन टाक्यांत साडेसतराला पोचली.

कुठलंही हत्यार न लागणारी चाचणीही आहे. जराशा उतारावर गाडी न्यूट्रलला ठेवून ब्रेक सोडा. आपण होऊन हलली पाहिजे. ढकलावी लागली तर काहीतरी धरतंय. ही चाचणी घराजवळच करा, पन्हाळ्याच्या घाटात नाही. पेट्रोल वाचवायला घाटातून न्यूट्रलवर उतरणाऱ्यांनाही सांगतो: गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पूर्ण बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. वर सगळा भार ब्रेकवर येतो तो वेगळाच.

टायरची हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा. आरपीएम (इंजिनचे फेरे) चढतो पण वेग चढत नाही, असं असेल तर क्लच सरकतोय.

आणि आपल्याकडच्या पावसात गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागच्या ब्रेकच्या ड्रमला गंज धरून त्याला आतले ब्रेक लायनर चिकटतात. सपाट जागी लावा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला पुढूनमागून दगड लावा.