गाय की कप्पा: दुग्धविज्ञानाच्या शोधनिबंधांतील एका अटीची पार्श्वभूमी

दुग्धोत्पादन आणि दुग्धस्रवण या विषयांवरचे शोधनिबंध परत येतात तेव्हा समीक्षकांच्या शेऱ्यांत एक आक्षेप वारंवार दिसतो. प्रयोगात किती गाई होत्या हे लेखकाने सांगितलेले असते, पण आहार, औषध किंवा व्यवस्थापनातील बदल नेमका कशाला लागू केला होता, एकेका गाईला की गाईंच्या अख्ख्या कप्प्याला (गोठ्याच्या एका विभागात एकत्र ठेवलेल्या गटाला), हे निबंधावरून कळत नाही. ज्याला हा बदल स्वतंत्रपणे आणि यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखा, नेमून दिला जातो, त्याला प्रयोग-एकक म्हणतात. प्रमुख नियतकालिकांचे संपादक आज या एककाचा स्पष्ट उल्लेख मागतात. ही अट कोणा एका संपादकाने एका दिवसात घातलेली नाही. गोठ्याची रचना बदलत गेली, सांख्यिकीची साधने बदलत गेली आणि त्या ओघात ही अट घडली.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. दुधातील फॅट गोठ्यावरच मोजता येईल अशी सोपी चाचणी १८९० मध्ये आली आणि १८९५ मध्ये डेन्मार्कमध्ये दूधनोंदणीची पहिली सहकारी संस्था सुरू झाली. एकेका गाईचे दूध आणि फॅट नियमित नोंदवण्याची सवय लागल्यावर त्या नोंदींवर निबंध लिहिले जाऊ लागले. या विषयाला वाहिलेले अमेरिकेतील प्रमुख नियतकालिक १९१७ मध्ये आणि ब्रिटनमधील १९२९ मध्ये सुरू झाले. त्या काळच्या निबंधांत एकेका गाईचा स्वतंत्र तक्ता छापलेला आढळतो. गाई थोड्या असत, आकडे उघडे असत आणि निष्कर्षाचा पडताळा वाचक स्वतः घेऊ शकत असे. आजच्या निबंधात छापली जाणारी सरासरी आणि प्रमाण त्रुटी (सरासरीतील अनिश्चिततेचे माप) यांमागे एकेक गाय दिसेनाशी झाली आहे. मूळ आकडेवारी निबंधासोबत खुली ठेवण्याचा आजचा आग्रह म्हणूनच स्वागतार्ह वाटतो.

पुढची तीन दशके पद्धतींच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली. वेगवेगळ्या फॅटच्या दुधाची तुलना एकाच मापाने करता यावी म्हणून १९२३ मध्ये ४ टक्के फॅट-समायोजित दुधाचे सूत्र आले. दुधाच्या किलोंना ०.४ ने आणि फॅटच्या किलोंना १५ ने गुणून दोन्ही गुणाकारांची बेरीज करायची, असे ते सूत्र आहे. शंभर वर्षे उलटल्यानंतरही ते निबंधांत येते. फक्त आता त्याच्या शेजारी प्रथिनांचाही हिशेब धरणारे ऊर्जा-समायोजित दूध बसलेले असते आणि कोणते सूत्र वापरले ते लिहावे लागते. याच सुमारास यादृच्छिकीकरण, ५ टक्क्यांची सार्थकता पातळी (फरक निव्वळ योगायोगाचा नाही असे मानण्याची मर्यादा) आणि लॅटिन चौरस (प्रत्येक उपचार प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात एकदाच येईल अशी मांडणी) या कल्पना शेतीसंशोधनात रुळल्या. जनावरांवर चौरस पद्धतीचा प्रयोग तसा त्याहून बराच जुना आहे. पॅरिसजवळ १७८८ मध्ये चार जातींच्या १६ मेंढ्यांना चार प्रकारचे खाद्य देऊन असा प्रयोग झाला होता. मात्र गाईंच्या आहारप्रयोगांत ही पद्धत स्थिरावली ती विसाव्या शतकात.

गाईंसाठी ती इतकी सोयीची ठरण्याला कारण होते. एकाच गोठ्यातल्या, एकाच वेताच्या दोन गाईंच्या दुधात जेवढा फरक पडतो, त्यापुढे आहारामुळे पडणारा फरक सहसा लहान असतो. प्रत्येक गाईला पाळीपाळीने सगळे आहार दिले, तर गाय स्वतःशीच ताडून पाहता येते आणि थोड्या गाईंत उत्तर मिळते. अडचण एवढीच, की व्यायल्यानंतर काही आठवड्यांत दूध शिखर गाठते आणि मग उतरत जाते. शिवाय आधीच्या आहाराचा परिणाम पुढच्या कालखंडात रेंगाळतो. या रेंगाळणाऱ्या परिणामाचा हिशेब घेणारी अदलाबदलीची मांडणी १९४१ मध्ये दुग्धविज्ञानातच प्रसिद्ध झाली आणि १९४९ मध्ये तिच्या जोडीला संतुलित चौरसांची पद्धत आली. त्या काळी संशोधनाच्या गाई दावणीला बांधलेल्या असत. प्रत्येकीची गव्हाण वेगळी, प्रत्येकीला तोलून घातलेला चारा वेगळा, उरलेला चाराही वेगळा तोललेला. प्रयोग-एकक म्हणजे गाय, हे कोणाला लिहावे लागत नव्हते, कारण दुसरे काही असण्याची शक्यताच नव्हती.

गाई न बांधता मोकळ्या ठेवणारा मुक्त गोठा आणि चारा व पेंड एकत्र मिसळलेले रेशन, म्हणजे टीएमआर, यांनी ही स्थिती बदलली. १९६० नंतर मोठ्या कळपांत ही व्यवस्था पसरत गेली, तसे संशोधकांनाही शेतकऱ्याच्या गोठ्यासारख्या परिस्थितीत प्रयोग करावेसे वाटू लागले आणि ते रास्तच होते. परंतु मुक्त गोठ्यात आहार घातला जातो तो कप्प्याला. एका कप्प्यातल्या ४० गाई एकाच गव्हाणीवर, एकाच वेळी पडलेले, एकाच मिश्रणयंत्रातून आलेले खाद्य खातात. दूध मात्र प्रत्येकीचे वेगळे मोजले जाते. म्हणून निबंध लिहिताना आकडे ८० गाईंचे असतात, प्रत्यक्षात यादृच्छिकपणे नेमलेल्या गोष्टी मात्र दोनच असतात.

दोन कप्पे, प्रत्येकात ४० गाई, एका कप्प्याला नेहमीचे रेशन आणि दुसऱ्याला नवे, असा प्रयोग डोळ्यांसमोर आणावा. आठ आठवड्यांनंतर नव्या रेशनच्या कप्प्यात दिवसाला सरासरी दीड किलो दूध जास्त निघाले. गाय हेच एकक धरले, तर त्रुटीसाठी स्वातंत्र्याच्या ७८ मात्रा (स्वाभाविक फरक मोजायला उरणाऱ्या स्वतंत्र तुलना) हाती येतात आणि फरक सहज सार्थ ठरू शकतो. पण त्या कप्प्यावर पंख्याचा वारा अधिक येत असेल, पाण्याची टाकी जवळ असेल, गव्हाणीत चारा पुढे सरकवणारा कामगार तिथून सुरुवात करत असेल किंवा दुसऱ्या कप्प्यात एखादी दांडगी गाय बाकीच्यांना गव्हाणीवर टिकू देत नसेल, तर यांपैकी काहीही त्या दीड किलोमागे असू शकते. कप्प्याचा परिणाम आणि रेशनचा परिणाम एकमेकांत पूर्णपणे मिसळलेले आहेत. गाईंची संख्या ४० वरून ४०० केली तरी ते सुटे होत नाहीत. कप्पे दोनच राहिले, तर त्यांच्यातील स्वाभाविक फरक मोजायला एकही मात्रा उरत नाही.

कप्पे वाढवल्यावर चित्र पालटते. त्याच ८० गाई दहा-दहाच्या आठ कप्प्यांत विभागून प्रत्येक रेशनला चार कप्पे दिले, तर कप्प्यांवर आधारलेल्या चाचणीत सहा मात्रा मिळतात. ५ टक्के पातळीला टी-मूल्य, म्हणजे फरक त्याच्या प्रमाण त्रुटीच्या किती पट आहे तो आकडा, २.४५ च्या आसपास लागते, ७८ मात्रांना ते १.९९ असते. म्हणजे किंमत मोजावी लागते, पण उत्तर खरे मिळते. एका कप्प्यातल्या गाईंचे साधर्म्य किरकोळ वाटले तरी त्याचा भार मोठा असतो. हे साधर्म्य, म्हणजे अंतर्गत सहसंबंध, अवघे ०.०५ धरले, तर ४० गाईंच्या कप्प्यात सरासरीचे विचरण (आकड्यांच्या विखुरलेपणाचे माप) जवळजवळ तिप्पट फुगते. सरासरी काढताना त्या ४० गाई सुमारे १४ स्वतंत्र गाईंइतकीच माहिती देतात. या कडीकडे दुर्लक्ष झाले, की प्रत्यक्षात नसलेला परिणाम सापडल्याचे जाहीर होते आणि तो आकडा पुढच्या निबंधात, मग सल्लागाराच्या तक्त्यात आणि शेवटी शेतकऱ्याच्या खाद्यखर्चात उतरतो.

या चुकीला छद्म-पुनरावृत्ती हे नाव मिळाले ते परिस्थितीविज्ञानात, १९८४ मध्ये. दुग्धविज्ञानाने ते उशिराने मनावर घेतले, आणि त्याची खंत वाटते, कारण उपाय याच क्षेत्राच्या घरात तयार झाला होता. वळूंचे मूल्यमापन त्यांच्या मुलींच्या दुधावरून करताना वळू, कळप आणि हंगाम यांचे परिणाम वेगळे काढावे लागत. त्या गरजेतूनच विसाव्या शतकाच्या मध्यापासून मिश्र प्रतिमानांची, म्हणजे ठरवून दिलेले आणि यादृच्छिक असे दोन्ही परिणाम एकत्र धरणाऱ्या गणिती मांडण्यांची, सांख्यिकी विकसित झाली. १९९० च्या दशकात ती सर्वसाधारण संगणकप्रणालींत आली आणि कप्पा हा यादृच्छिक घटक म्हणून प्रतिमानात घालणे दोन ओळींचे काम झाले. कप्प्यांवरच्या प्रयोगांची मांडणी आणि विश्लेषण यांवर २००७ मध्ये सविस्तर लेख प्रसिद्ध झाला आणि २०१६ मध्ये प्रयोग-एकक ओळखण्याबाबत पुन्हा छापील आठवण करून द्यावी लागली. मधल्या काळात प्रश्न मिटला नव्हता, याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको.

विरोधी बाजूचे म्हणणे नीट मांडले पाहिजे. आठ किंवा बारा समान कप्पे असलेले संशोधन-गोठे थोडे आहेत आणि ते बांधणे खर्चाचे आहे. अट काटेकोर लावली, तर लहान केंद्रांतले आणि शेतकऱ्यांच्या कळपांवरचे प्रयोग छापलेच जाणार नाहीत, हा आक्षेप खोटा नाही. कप्प्यातली प्रत्येक गाय आपापल्या भुकेने खाते आणि आपल्या शरीरधर्माने दूध देते, म्हणून मोजमापाचे एकक आणि प्रयोगाचे एकक एकच मानावे, असेही काही जण मांडतात. यातला दुसरा युक्तिवाद टिकत नाही, कारण मोजमाप किती बारीक केले यावरून उपचार कशाला दिला हे बदलत नाही. पहिल्या आक्षेपाला मात्र व्यवहार्य उत्तर आहे. चार कप्पे आणि चार कालखंड घेऊन कप्प्यांचाच लॅटिन चौरस मांडला, तर १६ निरीक्षणे मिळतात आणि त्रुटीसाठी सहा मात्रा उरतात. कालखंड तीन-चार आठवड्यांचे असल्याने खाद्यग्रहण, दूध आणि फॅट यांसाठी ही मांडणी चालते. गाभ राहण्याचे प्रमाण, कासदाह किंवा संपूर्ण वेतातील दुधाचे सातत्य यांसाठी ती चालत नाही आणि तिथे कप्पे वाढवण्याला पर्याय नाही.

हा प्रश्न गोठ्यापुरता नाही. मक्याच्या दोन वाणांच्या मुरघासाची तुलना करताना प्रत्येक वाणाचा एकच खड्डा भरला, तर पुढे कितीही गाईंना तो घातला तरी पुनरावृत्ती गाईंची होते, मुरघासाची होत नाही. चीजच्या प्रयोगात एकाच व्हॅटमधून (चीज बनवण्याच्या टाकीतून) काढलेले तीन नमुने म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत, त्यासाठी वेगवेगळ्या दिवसांच्या दुधापासून वेगळे व्हॅट लावावे लागतात. कासेचे चार भाग शरीररचनेने वेगळे असल्याने औषध एका सडात देऊन दुसऱ्याशी तुलना करता येते, पण चारही भागांना रक्त एकाच गाईचे मिळते, हे प्रतिमानात दिसावे लागते. प्रयोगशाळेत एकाच जनावराच्या दुग्धग्रंथीतल्या पेशी वाढवून १२ खळग्यांच्या प्लेटमध्ये मोजल्या, तरी जनावर एकच असते.

दरम्यान निबंध पाठवण्याची रीतही पालटली. टंकलिखित प्रती दुहेरी अंतर सोडून, ओळींना क्रमांक घालून टपालाने पाठवण्याची पद्धत विसाव्या शतकाअखेरपर्यंत टिकली. नंतर सगळा व्यवहार संगणकीय प्रणालीवर गेला, तरी ओळींचे क्रमांक कायम राहिले, कारण समीक्षकाला बोट ठेवून आक्षेप सांगायला ते अजूनही उपयोगी पडतात. प्राण्यांवरील प्रयोगांचा वृत्तांत कसा द्यावा याची अराइव्ह ही मार्गदर्शक सूची २०१० मध्ये आली. २०२० च्या सुधारित आवृत्तीत अत्यावश्यक दहा बाबी वेगळ्या काढल्या गेल्या आणि त्यांतल्या पहिल्याच बाबीत प्रयोग-एकक सांगण्याची अपेक्षा आहे. प्रयोगाला नीतिविषयक समितीची मान्यता, नमुनासंख्येचे समर्थन आणि आकडेवारीची उपलब्धता यांची निवेदने त्याच सुमारास नेहमीची झाली. १९१७ चे ते नियतकालिक २०२२ पासून पूर्णपणे खुले झाले. त्यामुळे वाचकाचा खर्च गेला आणि प्रकाशनशुल्काचा भार लेखकाच्या बाजूला आला. लहान केंद्रांना तो कप्प्यांच्या अटीइतकाच जाणवतो.

गव्हाणीला लावलेली इलेक्ट्रॉनिक फाटके आणि वजनी खाद्यपेट्या यांमुळे मुक्त गोठ्यातही गाईला स्वतंत्र आहार नेमून देता येतो आणि तिथे गाय पुन्हा एकक ठरू शकते. त्यासाठी प्रत्येक कप्प्यात सगळे आहार चालू असले पाहिजेत आणि कप्पा प्रतिमानात घेतला पाहिजे. १९९२ पासून व्यवहारात आलेल्या दोहन-यंत्रमानवाने मिश्र स्थिती निर्माण केली. मूळ रेशन कप्प्याला मिळते आणि पेंड यंत्रापाशी गाईगणिक वेगळी मिळते. अशा प्रयोगात दोन उपचारांची दोन वेगळी एकके असतात आणि दोन त्रुटी-पदे लागतात. निबंधाच्या पद्धती विभागात म्हणूनच कप्पे किती, त्यांत गाई किती, कोणता उपचार कोणाला कसा नेमला आणि प्रत्येक चाचणीत त्रुटीच्या मात्रा किती होत्या, हे आकड्यांनिशी लिहावे लागते. हे तपशील नसलेला निबंध अनेकदा समीक्षकांकडे जाण्यापूर्वीच लेखकाकडे परत येतो.